बाटली इथंच ठेवायची

यंदा गणपतीला गावी जाताना पोलादपूर सुटलं तशी आईने आलेपाकाची वडी तोंडात टाकली. ती विरघळायच्या आत आम्ही बोगद्यातून पलीकडे, खेड तालुक्यात. "घाट झाला?" तिने विचारलं आणि जरा खट्टूच झाली.

कशेडीचा बोगदा दोनेक किलोमीटरचा. २०२३ मध्ये गणपतीच्या तोंडावर त्याची एक बाजू हलक्या गाड्यांना खुली झाली, तेव्हा मलाही आनंद झाला होता. घाट चुकला म्हणून कोकणी माणूस कुरकुरत नाही. त्यासाठी उरलेला महामार्ग आहे.

पण घाटात एक दुकान होतं. पत्र्याचं छप्पर, फळीवर लिमलेट नि आवळासुपारीच्या बरण्या, दाराशी गोळीसोड्याचा क्रेट. आईला घाट कधी सोसला नाही. एका मे महिन्यात गाडी थांबताच ती रस्त्याकडेला वाकली. बाबा चाकाला दगड लावत होते. दुकानातली बाई गिऱ्हाईक तसंच सोडून तांब्या घेऊन आली, आईची पाठ चोळत म्हणाली, "होऊन जाऊ दे वहिनी, लाज कसली?" आईच्या पाठीवरचा तो हळदीने पिवळा झालेला हात मला अजून दिसतो. त्या दिवशी आम्ही तिथे काही विकतही घेतलं नाही.

एरवी बाबा सोडा घेत. ही बाटली हायरम कॉड या इंग्रजाची. पेटंट १८७२ सालचं. आतल्या वायूच्या दाबाने गोळी मानेतल्या रबरी कड्यावर घट्ट बसते, बूच लागत नाही. विलायतेत पोरं त्या गोटीसाठी बाटल्या फोडत म्हणे. आमच्या दादाचाही तोच डाव असायचा. बाटली दुकानाची, म्हणून सोडा तिथंच उभ्याने संपवायचा. या साहेबाचे आमच्यावर उपकार एवढेच, की त्याच्यामुळे बाबा थांबत.

आणि बोलत! घरी चार शब्दांवर भागवणारा माणूस त्या दुकानदाराशी पाऊस, आंबा, मुंबईतला त्याचा गिरणीतला मुलगा, सगळ्यावर बोले. मला राग यायचा. अजूनही थोडा आहे. एकदा दुकानदाराने मुलासाठी आमसुलं दिली, ती पोचवायला बाबा मला घेऊन परळला गेले. खोलीत सात-आठ माणसं, १९८२ चा संप लांबलेला, आणि तो मुलगा आमसुलांचा वास घेत नुसता बसून राहिलेला. पुढे गिरणी सुरू झाली, याला मात्र परत घेतलं नाही. तो गावी आला. तसे कितीतरी आले.

यंदा परतीला आईच म्हणाली, घाटाने चल. गल्ल्यावर तोच मुलगा होता, केस पांढरे. बाबा गेल्याचं त्याला मी सांगितलं. बोगद्यामुळे धंदा निम्म्यावर आलाय म्हणाला, पण सोड्याचे पैसे काही केल्या घेईना.

घाटरस्ता अजून चालू आहे. घाई नसेल तर वर वळा, सोडा प्या, आणि त्याने नको म्हटलं तरी पैसे द्या.