बोटांचे वळसे

हाताचं प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा तेरला गेलो. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून वेचून जपलेल्या वस्तूंचं तिथलं संग्रहालय. रोमशी व्यापार करणारं तगर म्हणजे हेच तेर. 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक सागरी प्रवासग्रंथातही त्याचं नाव येतं. हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली, पण रेंगाळलो एका फुटक्या मडक्यापाशी. आतून बोटांचे वळसे तसेच होते. सातवाहनकाळी कुणाचा तरी ओला हात इथून फिरला असेल. माझी बोटं अजून नीट मिटत नव्हती; काचेबाहेर ती नकळत तशीच वळली. किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक.

मग तेरणा नदीकडं चालत गेलो. संत गोरा कुंभारांच्या, म्हणजे गोरोबाकाकांच्या समाधीपाशी एक आजी पायरी पुसत होत्या. "कुठून आलास, बाळा?" मला पटकन सांगता आलं नाही.