उत्तरेकडचे तांबडे

शेतीची वीज रात्री येते, म्हणून गव्हाचे ओलित रात्रीच. गेल्या माघात मी आणि बाबा धुऱ्यावर बसलो होतो. बाबांना अक्षरओळख नाही. ते म्हणाले, "कॉलेजात काय शिकवून राह्यले तुले, सांग बरं."

वाचनालयात ध्रुवीय प्रकाशावर वाचलेले ताजे होते. मी सांगू लागलो. (विज्ञान शाखेचे मित्र हसतील, पण सांगतो.) सूर्यावरून विद्युतभारित कणांचे लोंढे सुटतात. पृथ्वी म्हणजे मोठा लोहचुंबकच. ती त्यांना ध्रुवांकडे वळवते. तेथे शंभर किलोमीटरांहूनही उंच, विरळ हवेत ते प्राणवायूवर, नत्रावर आदळतात आणि आकाश उजळते. हिरवे खाली, तांबडे त्याच्या वर.

"म्हंजे पाटाचं पाणीच झालं," बाबा म्हणाले. "बांध हाय म्हणून कडंनं जाते. पूर आला का मंधात घुसते."

मला हे समजायला दोन दिवस लागले होते! मोठे सौरवादळ आले की तो प्रकाश खरोखरच ध्रुव सोडून खाली सरकतो. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानले येथून तो टिपला गेला. इतक्या दुरून त्याचा वरचा भागच क्षितिजावर येतो, म्हणून तांबडा दिसतो.

"आपल्याकडं आलता का कधी?"

४ फेब्रुवारी १८७२, रविवार. त्या रात्री तो मुंबईतून दिसल्याचे तिथल्या वर्तमानपत्राने छापले. तारायंत्रेही बिघडली होती. आणि आमचे यवतमाळ तर मुंबईहून थोडे उत्तरेलाच!

इतिहासाच्या तासाला सर लिखित पुराव्याला फार मान देतात. मुंबईत लिहिणारा होता. आमच्या घरात तेव्हा नव्हता. माझ्यापर्यंत कोणीच नव्हता. खळ्यावर जागलीला बसलेल्या माझ्या खापरपणज्याने त्या रात्री उत्तरेकडे तांबडे पाहिले असेल, तर कुठे वणवा लागला असे समजून तो घोंगडी ओढून निजला असेल. त्याने पाहिलेले त्याच्याबरोबरच गेले.

हे बाबांना सांगावे की नाही, कळेना. शेवटी सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता दिसलं तं तू लिहून ठेवशीन न?" आणि फावडे घेऊन पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायला उठले.

घरी आल्यावर वहीत तारीख टाकली. खाली लिहिले : आकाश निरभ्र. उत्तरेला काही नाही. वीज पहाटे तीनला गेली, चार वाफे राहिले.