परत कधी येणार?

कोल्हापूरला घरी गेलो की बाईकवरून वळिवड्याला एक चक्कर होतेच. तिथे १९४३ ते १९४८ सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएतांनी त्यांना पूर्व पोलंडमधून सायबेरिया, कझाकस्तानात हाकललेलं.

मला वाटायचं, युद्ध संपलं आणि मंडळी घरी गेली. कसलं काय! फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला स्टॅलिन, रूझवेल्ट, चर्चिल यांनी पोलंडची पूर्व सीमाच पश्चिमेला सरकवली. ल्विव्ह सोव्हिएत युक्रेनकडे राहिलं. तिथले पोलिश पोलंडमध्ये, पोलंडमधले युक्रेनियन उलट दिशेने... लाखो माणसं, नुसती कट-पेस्ट! वळिवड्यातल्या कितीतरी आयांना घराचा पत्ता तोंडपाठ असणार, पण त्या पत्त्यातला देशच बदललेला.

रविवारी रात्री पुण्याची बस पकडताना आई विचारते, "परत कधी येणार रे?"

मी तारीख सांगून टाकतो.