ब्लोअरची ताकद आणि मे महिन्याचं ऊन

मे महिन्याच्या दुपारी चंदीगडचा पारा ४३-४४ अंशांवर जाऊ शकतो. या हवेत एखाद्या व्ही-८ इंजिनावर सुपरचार्जर, म्हणजेच ब्लोअर, बसवला आणि त्याने बाहेरच्या हवेच्या दीडपट दाब तयार केला, तर त्यातून निघणारी हवा साधारण १०३ अंशांची असते. पाणी उकळतं त्याहून गरम. सुपरचार्जरच्या किटच्या खोक्यावर किती हॉर्सपॉवर वाढेल ते ठळक छापलेलं असतं. हा १०३चा आकडा मात्र मालकाला कोणी सांगत नाही, आणि ट्रॅकवर गाडी शर्यत संपेपर्यंत टिकणार की नाही, हे त्याच आकड्यावर ठरतं.

हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. हवा दाबली की तापते. दीडपट दाबासाठी ४३ अंशांची हवा आदर्श परिस्थितीत ३९ अंशांनी तापेल. पण कुठलाच ब्लोअर आदर्श नसतो. त्याची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर वाढ ६० अंशांवर जाते. तोच ब्लोअर, तो फिरवणारी तीच पुली, पण जानेवारीतली पहाट आणि बाहेर ५ अंश असतील, तर निघणारी हवा ५८ अंशांचीच असते. चंदीगडमध्ये एकाच गाडीच्या वाट्याला हे दोन्ही ऋतू येतात. थंडीत भन्नाट पळणारी गाडी एप्रिल उलटला की मलूल का होते, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

आणखी एक गोष्ट मालकांना पटवायला वेळ लागतो. दाब दीडपट झाला म्हणजे सिलिंडरमध्ये हवाही दीडपट गेली, असं होत नाही. तापलेली हवा विरळ होते. १०३ अंशांवर प्रत्यक्षात फक्त २६ टक्के जादा हवा आत जाते. इंटरकूलरने तीच हवा ६० अंशांपर्यंत उतरवली, तर जादा हवा ४२ टक्क्यांवर जाते. पुली बदललेली नाही, बूस्ट (ब्लोअरचा जादा दाब) वाढवलेला नाही, फक्त उष्णता बाहेर काढली आहे. म्हणून माझा आग्रह असा की पहिला रुपया कूलिंगवर खर्च करावा आणि ब्लोअर त्यानंतर विकत घ्यावा. गिऱ्हाइकाला हा क्रम आवडत नाही, कारण रेडिएटर मित्रांना दाखवता येत नाही.

चंदीगडचं गाड्यांचं वेड देशाला ठाऊक आहे. ल कोर्बुझिएने रस्त्यांची व्ही-१ ते व्ही-७ अशी उतरंड आखून दिलेलं हे शहर. इथे २०२२मध्ये ०००१ या नंबरसाठी लिलावात १५ लाख ४४ हजार रुपये मोजले गेले, आणि मोजणाऱ्याच्या दारात तेव्हा स्कूटर होती. फोर्डने २०१६मध्ये मस्टंग जीटी अधिकृतपणे भारतात आणली, तेव्हा पंजाब-हरियाणाच्या या पट्ट्यात तिचं स्वागत होणारच होतं. पाच लिटरचा व्ही-८, अमेरिकेत ४३५ हॉर्सपॉवर, भारतासाठीच्या ट्यूनिंगमध्ये जेमतेम ४००. ही तूट भरून काढावी, असं मालकाला वाटतं आणि तो ब्लोअरची चौकशी करत येतो.

तिथे पहिली अडचण कॉम्प्रेशनची. मस्टंगचं हे इंजिन ११ला १ या कॉम्प्रेशनचं आहे. हवा स्वतः ओढून घेणाऱ्या इंजिनासाठी ते उत्तम. डॉजने मात्र हेलकॅटसाठी ६.२ लिटरचा व्ही-८ सुपरचार्जरसह तयार केला, तेव्हा कॉम्प्रेशन ९.५ला १वर ठेवलं आणि इंटरकूलर मॅनिफोल्डच्याच पोटात बसवले. कारखान्याने ब्लोअर धरून आखलेलं इंजिन आणि गॅरेजमध्ये वरून ब्लोअर चढवलेलं इंजिन यांच्यात हा मुळातला फरक आहे. वरून चढवलेल्या इंजिनात नॉकिंगची (मिश्रण आपोआप पेटून खडखडण्याची) सीमारेषा फार जवळ असते आणि हवेचा प्रत्येक जादा अंश त्या रेषेकडे ढकलतो. नॉक सेन्सरने खडखड ऐकली की संगणक स्पार्कचं टायमिंग मागे घेतो. ताकद उतरते. त्याहून वाईट म्हणजे उशिरा पेटलेलं मिश्रण एक्झॉस्टमध्ये जास्त गरम जातं, सिलिंडर हेड आणखी तापतं आणि नॉकिंगला आणखी वाव मिळतो. हे चक्र एकदा सुरू झालं की पुढच्या दोन-तीन लॅपमध्ये गाडी हातची जाते.

ब्लोअरचं आकर्षण आपल्याकडे जुनं आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३०च्या दशकात ड्यूसेनबर्गची एसजे स्पीडस्टर बांधली गेली. चॅसिस अमेरिकेची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. ६.९ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन साध्या रूपात २६५ हॉर्सपॉवरचं आणि सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जरसह ३२०चं सांगितलं जाई. बॉनेटच्या बाजूने बाहेर आलेले चकचकीत एक्झॉस्ट पाइप ही एसजेची ओळख. मराठी संस्थानिकाच्या त्या गाडीवर आजही जगभरचे संग्राहक जीव टाकतात.

त्याच्या थोडं आधी इंग्लंडमध्ये शर्यतपटू टिम बर्किनने साडेचार लिटरच्या बेंटलीच्या नाकावर, रेडिएटरच्याही पुढे, ब्लोअर बसवला. स्वतः डब्ल्यू. ओ. बेंटली या कल्पनेच्या विरोधात होते. १९३०च्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत बर्किनच्या ब्लोअर बेंटली मोडून बाहेर पडल्या आणि शर्यत जिंकली ती बेंटलीच्याच साडेसहा लिटरच्या, ब्लोअर नसलेल्या स्पीड सिक्सने. पण त्याच वर्षी पाऊ इथे झालेल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बर्किन त्या अवजड गाडीसह दुसरा आला. वेग होता, यात शंका नाही. चोवीस तास उष्णता आणि ताण सोसण्याची तयारी नव्हती.

आजच्या मोठ्या कारखान्यांनाही हा धडा नव्याने गिरवावा लागला. २०१५ची कॉर्वेट झेड-०६ ही ६५० हॉर्सपॉवरची सुपरचार्ज्ड गाडी ट्रॅकसाठी म्हणून विकली गेली. काही लॅपनंतर ती तापते आणि संगणक तिची ताकद कापतो, अशी मालकांची तक्रार २०१७मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयापर्यंत पोचली. २०१७च्या मॉडेलला मोठ्या झरोक्यांचं बॉनेट आणि सुपरचार्जरचं बदललेलं झाकण मिळालं. त्याच वर्षीच्या कॅमेरो झेडएल-१मध्ये तर अकरा हीट एक्सचेंजर होते. डॉजने २०१८च्या डीमनमध्ये एसीचा गारवा केबिनऐवजी इंटरकूलरच्या पाण्याकडे वळवला. मला ही युक्ती फार आवडते, पण ती पाव मैलाच्या सरळ शर्यतीसाठी आहे. तिथे दहा-अकरा सेकंदांत काम आटोपतं आणि तापायला वेळच मिळत नाही. वळणांच्या ट्रॅकवर वीस मिनिटांचं सत्र असतं आणि उष्णता साचत जाते.

किती उष्णता? ढोबळमानाने पेट्रोलमधली एक तृतीयांश ऊर्जा चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश एक्झॉस्टमधून जाते आणि उरलेल्यातली बरीचशी पाण्याला आणि तेलाला वाहून न्यावी लागते. पूर्ण थ्रॉटलवर ५०० हॉर्सपॉवरच्या इंजिनासाठी ही उष्णता सहज २०० किलोवॉटच्या पुढे जाते. घरातले दोन किलोवॉटचे शंभर गीझर एकदम चालू केल्यासारखं. इंटरकूलरला काढावी लागणारी उष्णता याहून वेगळी. आधीच्या हिशेबातली हवा १०३वरून ६०वर आणायची तर आणखी १६ किलोवॉटच्या आसपास.

आणि ही सगळी उष्णता गाडीच्या तोंडातून येणाऱ्या त्याच हवेत सोडायची असते. सर्वांत पुढे इंटरकूलरचा छोटा रेडिएटर, त्याच्या मागे एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे मुख्य रेडिएटर. पुढच्याने तापवलेली हवा मागच्याच्या वाट्याला येते. निव्वळ ट्रॅकच्या गाडीतून मी कंडेन्सर काढायला सांगतो. रेडिएटरच्या कडांच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बंद करतो, कारण वाट मिळाली की हवा रेडिएटरमधून न जाता बाजूने निसटते. ही पट्टी सगळ्या किटमधली सर्वांत स्वस्त वस्तू आणि तिचा गुण सर्वांत लवकर दिसतो. झरोके पाडायचे ते बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे, जिथे धावत्या गाडीवर हवेचा दाब कमी असतो. पुष्कळ जण ते काचेजवळ पाडतात. तिथे दाब जास्त असतो आणि गरम हवा बाहेर पडतच नाही.

एप्रिलमध्ये इकडची एक खास पीडा असते. गव्हाची कापणी सुरू झाली की अंबाला ते पानिपत हवेत भूस उडत असतो. ट्रेलरवरून नेलेल्या गाडीच्या रेडिएटरच्या पात्यांमध्येही तो जाऊन बसतो. समोरून बघितलं तर काही दिसत नाही. टॉर्च मागून धरला की पात्यांतून येणारा उजेड जागोजागी अडलेला कळतो. धुवायचं तेही मागून पुढे आणि हलक्या दाबाने. प्रेशर वॉशर लावला की पाती वाकतात आणि वाट कायमची बंद होते.

इंटरकूलरचं पाणी भरणं हे तर धीराचं काम. त्याचा पंप वेगळा, टाकी वेगळी. सर्किटच्या सर्वांत उंच जागी हवा काढायचा स्क्रू असतो. तो अर्धा आटा सैल केला की आधी फुसफुस, मग फेस, मग थेंब आणि मधूनच परत बुडबुडा. गाडीचं नाक जॅकवर उचलून, नळ्या हाताने दाबत दाबत हे करावं लागतं. इथले जुने मेकॅनिक कुठलीही गरम होणारी गाडी आली की म्हणतात, ‘पाजी, पैलां हवा कड्ढो.’ ते बरोबर असतात. एक अडकलेला बुडबुडा महागातला इंटरकूलर निकामी करतो आणि गेजवर त्याचा पत्ता लागत नाही.

पत्ता लागतो स्पार्क प्लगवर. सत्र संपल्यावर प्लग काढून भिंगाखाली धरावा. पांढऱ्या पोर्सेलीनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसले तर नॉकिंगची सुरुवात आहे. त्यांत चंदेरी चमक दिसली तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, आणि गाडी त्या दिवशी पुन्हा ट्रॅकवर जात नाही. मालक कितीही रागावला तरी या बाबतीत तडजोड होऊ शकत नाही.

पेट्रोलबाबत चंदीगड नशीबवान आहे. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२०मध्ये मथुरा रिफायनरीतलं १०० ऑक्टेनचं एक्सपी-१०० आणलं, तेव्हा पहिल्या शहरांत मुंबई-पुण्याबरोबर चंदीगड आणि लुधियानाही होतं. धोका असा की १०० ऑक्टेनवर ट्यून केलेल्या गाडीत ट्रॅकच्या वाटेवर साधं पेट्रोल पडतं. साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल वाफ होताना पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषतं, ही ब्लोअरच्या गाडीसाठी आनंदाची बाब. पण त्यात ऊर्जा कमी, म्हणून इंधन जास्त लागतं. इंजेक्टर आधीच शंभर टक्के उघडे असतील तर मिश्रण पातळ होतं आणि पातळ मिश्रण पिस्टन जाळतं.

शर्यतीसाठी ब्लोअर नीट वापरल्याचं उत्तम उदाहरण महाराष्ट्रात आहे. फोक्सवॅगनची भारतातली पोलो चाकणला बनायची आणि तिच्या पोलो आर कपच्या गाड्यांत २०१२पासून १.४ लिटरचं १८० पीएसचं टीएसआय इंजिन होतं. त्यात सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही. सुपरचार्जर फक्त खालच्या फेऱ्यांवर काम करतो. साधारण ३५०० आरपीएमच्या वर टर्बोने भार उचलला की चुंबकीय क्लच त्याला सोडवतो. ब्लोअर जिथे सर्वांत जास्त ताकद खातो आणि सर्वांत जास्त तापवतो, तिथे तो चालतच नाही. मोठ्या व्ही-८वर अशी व्यवस्था गॅरेजमध्ये करता येत नाही, पण विचार घेता येतो. लहान पुली लावून बूस्ट ओरबाडण्यापेक्षा मोठी पुली, कमी बूस्ट आणि गार हवा यांवर गाडी वीस मिनिटं एकसारखी पळते.

असे बदल केलेली गाडी रस्त्यावर आणायची नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना परवानगी देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये ते स्पष्ट केलं आहे. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची शर्यत लावणं कलम १८९खाली गुन्हा आहे. जवळच्या परवाणूच्या चढावर रात्री गाड्या पळवणाऱ्या पोरांना मी दारात उभं करत नाही. चंदीगडहून जवळचा खरा ट्रॅक म्हणजे ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. लांबी पाच किलोमीटरच्या थोडी वर, आणि एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा, जिथे ब्लोअरची गाडी सर्वांत जास्त तापते.

तिथे उन्हाळ्यात तीन लॅप जोरात, चौथा सावकाश, वरच्या गिअरमध्ये आणि अर्ध्या थ्रॉटलवर. तेल १३० अंशांच्या पुढे गेलं की ठरलेल्या लॅपची वाट बघायची नाही. पिटमध्ये आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, कारण पाणी थांबलं की हेडमधली उष्णता वर ब्लोअरमध्ये चढते आणि पुढच्या सत्राचा पहिला लॅप तापलेल्या हवेनेच सुरू होतो. बॉनेट उघडायचं, दोन मिनिटं आयडलवर ठेवायचं, मग इंजिन बंद करून इंटरकूलरचा पंप मात्र चालू ठेवायचा आणि त्याच्या टाकीत बर्फ टाकायचा. तेवढ्या वेळात लॅपटॉपवर मागच्या सत्राचा आलेख उघडायचा. लॅपची वेळ नंतर बघावी. आधी सरळ पट्ट्याच्या शेवटी आत जाणाऱ्या हवेचं तापमान प्रत्येक लॅपला किती चढलं आणि संगणकाने टायमिंग किती अंश मागे घेतलं, या दोन रेषा एकावर एक ठेवून पाहायच्या.