मुल्गाच्या मुलखात

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनहून पश्चिमेला सुमारे 750 किलोमीटर गेलं की कनामला हे गाव लागतं. माती विटेसारखी लाल, आभाळ अफाट, आणि वर्षाचा पाऊस 400 मिलिमीटरच्या आत. आमच्या बडनेऱ्याच्या निम्मादेखील नाही. एकेका मेंढीवाल्याची जमीन हजारो हेक्टर! कुंपणालगत गाडी चालते, चालतच राहते, आणि मालक मात्र एकच.

अशा मुलखात जंगल वाढवतात म्हटल्यावर मी आधी रोपवाटिका कुठे आहे ते विचारलं. ती नव्हतीच! मुल्गा हे तिथलं मूळचं झाड, आपल्या बाभळीच्या कुळातलं. दुष्काळात ते यंत्रानं आडवं पाडून मेंढ्यांना चारायची तिथली जुनी रीत. ते पाडणं थांबवलं, मेंढ्या आणि रानटी शेळ्या आवरल्या, की मातीतलं बी आणि खुरटलेली रोपं आपोआप वर येतात.

आणि या वाट पाहण्याचे पैसे मिळतात! 2011 च्या कायद्यानं तिथे ही सोय झाली. झाडोऱ्यानं एक टन कार्बन डायऑक्साइड साठवला की एक कार्बन क्रेडिट; ते सरकार किंवा कंपन्या विकत घेतात. अट अशी, की झाडं दोन मीटर उंची गाठतील, त्यांचं छत्र जमिनीचा पाचवा हिस्सा झाकेल आणि रान 25 किंवा 100 वर्षं राखलं जाईल. मेंढरांवर जगलेला माणूस सावलीवर कर्ज फेडतो, हे मी थक्क होऊन ऐकत होतो.

पण हे रान कुणामुळे वाढलं, माणसामुळे की चांगल्या पावसामुळे? क्रेडिट देण्याच्या पद्धती तपासणाऱ्या सरकारी समितीचे माजी अध्यक्ष अँड्र्यू मॅकिंटॉश यांनीच 2022 मध्ये हा सवाल जाहीरपणे उभा केला. पुष्कळ ठिकाणी रान वाढलेलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. 2023 मध्ये रान वाढू देऊन क्रेडिट मिळवायची ही पद्धत नव्या प्रकल्पांसाठी बंद झाली.

उजाड जमिनीवर रान आमच्याकडेही उभं राहिलं आहे, पण वेगळ्या वाटेनं. आमच्याच अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यात, मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर हे गाव आहे. 2012 मध्ये या गावाला सुमारे 190 हेक्टर उजाड वनजमिनीवर सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेनं राखण केली, रोजगार हमीतून माती-पाण्याची कामं केली, झाडं लावली. डोंगर हिरवा झाला, तिथली सीताफळं मुंबईच्या बाजारात गेली आणि 2014 मध्ये गावाला जैवविविधता पुरस्कार मिळाला. तिथे आधी हक्क आला, मग रान आलं.

कनामल्यात एक मालक सही करतो आणि कुंपण घालतो. आपल्या ई-क्लासवर, म्हणजे गावाच्या सरकारी चराऊ जमिनीवर, मात्र भूमिहीनाच्या शेळ्या चरतात. उद्या कार्बनचा व्यापारी वऱ्हाडात आला, तर त्याच्याशी बोलणी ग्रामसभेनंच करावी, शेळीवाल्याच्या चाऱ्याची सोय करारात पहिली लिहावी आणि झाडांची मोजणी साऱ्या गावासमोर व्हावी. बरड माळावर रान उभं राहू शकतं, हे मी दोन्हीकडे पाहिलं आहे. ते कुणाच्या नावावर उभं राहील, हे आपणच ठरवायचं आहे.