गणेशखिंडीच्या वाटेनं

हिंजवडीतून शहराकडे निघायचं तर वाट ठरलेली. शिवाजी चौकातली गर्दी, वाकडचा पूल, मग बालेवाडी, बाणेर आणि विद्यापीठ चौक. वर मेट्रोचे खांब, खाली गाड्यांची रांग. नांदेड, लातूर, अकोल्याहून, तेलंगण-बंगालहून नोकरीसाठी आलेली हजारो तरुण मंडळी रोज या रस्त्यानं ये-जा करतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हा रस्ता म्हणजे मोबाइलच्या नकाशावरची लाल रेघ वाटते. "पुणं आमचं कुठलं, आम्ही हिंजवडीचे," असंही ते सहज बोलून जातात. मला ते ऐकवत नाही. कारण या वाटेवर काय घडलं आणि पुढे पडद्यावर त्याचं काय झालं हे कळलं, की पुणं कुणाचं हा प्रश्न उरतच नाही.

विद्यापीठ चौकापासूनच सुरुवात करू. आतल्या झाडीत जी उंच मनोऱ्याची मुख्य इमारत आहे, ती मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान म्हणून बांधली गेली. बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत, १८६४ साली काम सुरू झालं. २२ जून १८९७ च्या रात्री तिथे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा सोहळा होता. शहर मात्र प्लेगनं आणि प्लेगच्या नावाखाली चाललेल्या घरझडत्यांनी पोळलेलं होतं. सोहळा आटोपून साहेबांच्या गाड्या गणेशखिंड रस्त्याला लागल्या. अंधारात दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर दबा धरून बसले होते. "गोंद्या आला रे" ही खुणेची हाक उठली आणि गोळ्या सुटल्या. आयर्स्ट हा इंग्रज अधिकारी जागीच गेला. प्लेग कमिशनर रँड ३ जुलैला मेला. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघेही सख्खे भाऊ पुढच्या दोन वर्षांत फासावर गेले. त्यांचा वाडा चिंचवडला, म्हणजे हिंजवडीहून फार लांब नाही.

या घटनेवर जयू आणि नचिकेत पटवर्धन यांनी १९७९ साली चित्रपट केला आणि त्याला नाव दिलं फक्त तारखेचं: '२२ जून १८९७'. दोघंही पेशानं वास्तुविशारद. त्यामुळे असेल, पण या चित्रपटात वाड्याचा चौक, अंधारा जिना, देवघर हे सगळं माणसांइतकंच बोलतं. ज्या रस्त्यावर आज आपण सिग्नल सुटायची वाट पाहत हॉर्न वाजवतो, तिथे एका रात्री तीन भावांच्या घराचा निकाल लागला. हे माहीत झाल्यावर निदान माझा हात तरी हॉर्नवरून मागे येतो.

पुढे सेनापती बापट रस्त्यानं विधी महाविद्यालयाच्या रस्त्याला आलं, की फिल्म इन्स्टिट्यूटचं फाटक लागतं. संस्था १९६० ची, पण जागा 'प्रभात'ची. कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी ही कंपनी काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्यात आणली. ही पाचही माणसं बाहेरची. जागा घेतली तीही तेव्हाच्या गावाबाहेर. धंदा अगदी नव्या तंत्राचा. बोलपट येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. नट, सुतार, रंगारी, ध्वनिमुद्रक, सगळे महिन्याच्या पगारावर. गावाबाहेरची मोकळी जमीन, नवं तंत्र, आणि पगारासाठी देशभरातून येणारी तरुण पोरं. हे वर्णन हिंजवडीला जसंच्या तसं लागू पडतं. आज ज्या 'प्रभात'चं नाव पुण्यातला एक अख्खा रस्ता मिरवतो, तीसुद्धा एकेकाळी बाहेरून आलेल्यांची कंपनीच होती.

अशाच पोरांपैकी दोघं १९४० च्या दशकात इथे भेटली. एक गुरदासपूरकडचा, नायक व्हायला आलेला. दुसरा बंगळूरात जन्मलेला, कलकत्त्यात वाढलेला, नृत्यदिग्दर्शन आणि सहायकाची कामं करणारा. दोघांचा परीट एकच. एके दिवशी नायकाच्या लक्षात आलं, की आपला सदरा समोरच्याच्या अंगात आहे. विचारलं तर तो सरळ म्हणाला, की परटानं माझा आणलाच नाही, हा आला म्हणून हाच घातला. या उत्तरावर दोघं हसले आणि जन्माची मैत्री जमली. मी निर्माता झालो तर दिग्दर्शक तू, आणि तू दिग्दर्शक झालास तर नायक मी, असा करारही झाला. देव आनंदचा पहिला चित्रपट 'हम एक हैं' १९४६ साली 'प्रभात'मधूनच आला. १९५१ मध्ये त्यानं शब्द पाळला: आपल्या नवकेतन कंपनीच्या 'बाजी'चं दिग्दर्शन गुरुदत्तला दिलं, आणि तिथून गुरुदत्त दिग्दर्शक झाला. वाकड-मारुंजीतल्या कुठल्याही पीजीत आजही दोरीवरचे कपडे असेच अदलाबदल होतात. त्यातून उद्या काय उभं राहील, हे आज कोण सांगणार?

'प्रभात'चं सगळ्यात मोठं लेणं मात्र हिंजवडीच्या उत्तरेचं आहे, इंद्रायणीकाठच्या देहूचं. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ चा. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम लोकांच्या मनात इतका बसला, की त्यांना बघून लोक हात जोडत. पण मला त्यात जिजाई झालेल्या गौरी सगळ्यात जवळच्या वाटतात. त्या कंपनीत अगदी साधं मोलमजुरीचं काम करायला आलेल्या बाई. त्या कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या आणि भुकेल्या पोरांच्या आईचा राग असा बोलल्या, की तुकोबांच्या विरक्तीइतकीच तिच्या चुलीची काळजीही खरी वाटू लागते. आणखी एक गोष्ट. चित्रपटात शांताराम आठवले यांनी स्वतः रचलेलं एक पद आहे. ते इतकं तुकोबांच्या वळणाचं उतरलं, की जाणत्या मंडळींनीही ते गाथ्यात शोधलं. व्हेनिसच्या त्या गौरवाचा मूळ कागद बरीच वर्षं बेपत्ता होता. २००४ मध्ये तो सापडला.

विद्यापीठ चौकातून सरळ शहरात उतरलं तर मंडई येते. अष्टकोनी मनोऱ्याची ही इमारत १८८६ ची, नाव गव्हर्नरचं: रे मार्केट. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते. गोरगरिबांच्या शिक्षणाला पैसा नसताना बाजाराच्या इमारतीवर एवढा खर्च कशाला, असं म्हणून त्यांनी तिला विरोध केला होता. हा विरोध अडाण्याचा नव्हता. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेकेदार, खडकवासल्याच्या धरणाचं काम केलेले. दगडाला काय लागतं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. १९३८ च्या सुमारास आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकारानं याच इमारतीला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. मग त्याच अत्र्यांनी १९५४ मध्ये 'महात्मा फुले' हा चित्रपट काढला. जोतीराव झाले बाबूराव पेंढारकर, सावित्रीबाई सुलोचना. चित्रपटाला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. ज्यानं विरोध केला त्याचंच नाव त्या भिंतीवर चढलं, आणि ज्यानं नाव चढवलं त्यानंच त्याचं आयुष्य पडद्यावर आणलं. भाजीची पिशवी घेऊन मंडईत शिरणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

दगड टिकतो आणि चित्र टिकतं असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. १७३० मध्ये पायाभरणी झालेला शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. तटबंदी आणि जोती तेवढी उरली. १९४४ मध्ये 'प्रभात'नं 'रामशास्त्री'त पेशव्यांचा दरबार पुन्हा उभा केला, लाकडाचा आणि कापडाचा. मग ८ जानेवारी २००३ ला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेटच्या मूळ फिती गेल्या. त्यांत 'प्रभात'च्याही होत्या. नायट्रेट एकदा पेटलं की पाण्यानंही विझत नाही. प्रती होत्या म्हणून बरेच चित्रपट आपण आजही बघू शकतो. वाड्याची दुसरी प्रत नव्हती. जे कुणीतरी वेळेवर उतरवून ठेवलं, तेच राहिलं.

म्हणून माझं हिंजवडीकरांना मनापासून सांगणं आहे. तुम्ही राहता ते गाव कालपरवाचं नाही. हनुमान जयंतीला ग्रामदैवत म्हातोबाचं बगाड हिंजवडीतून वाकडकडे निघतं, काचेच्या इमारतींच्या सावलीतून, गुलाल उधळत. या इमारतींखाली कुणाची भातखाचरं होती, कुठली विहीर बुजली, ओढा कुठून वाहायचा, पहिली बस कधी आली, हे सांगणारी म्हातारी माणसं माण-मारुंजीत अजून आहेत. तुमच्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, 'प्रभात'च्या पाच जणांना स्वप्नातही दिसला नसेल असा. एखाद्या रविवारी त्या आजोबांसमोर बसा, त्यांना बोलू द्या, चित्रित करा आणि एकाऐवजी चार ठिकाणी जपून ठेवा. प्रभात रस्त्याला नाव मिळालं ते बाहेरून आलेल्यांनी इथे काम केलं म्हणून. तुम्हीही बाहेरून आलात, कामही करताच आहात. आता या गावाची गोष्टही तुम्हीच सांगायची आहे.