गल्ल्यातलं न चालणारं नाणं

आमची पिठाची गिरणी. रात्री गल्ला मोजायला बसलं की नाण्यांवर पिठाचा थर असतो; अंगठ्याने पुसल्याशिवाय साल दिसत नाही. पुसता पुसताच हा नाद लागला.

नाणं चिमटीत वर-खाली धरायचं, सिंह सरळ ठेवायचे आणि गर्रकन फिरवायचं. आपल्या नाण्यांचा मागचा आकडाही सरळच यायला हवा. तिरका आला, तर टाकसाळीत एक ठसा फिरलेला. चिल्लरीत मिळालाच तर बहुधा हाच दोष मिळतो. सालाखालची खूणही बघतो: हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, काहीच नाही तर कोलकाता. लाखी मात्र अजून हाती आलेलं नाही. पाडलेलं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचीच उलटी, खोलगट छाप उठते, ते लाखी.

सुरुवातीला मी चेपलेलं, झिजलेलं, मधली चकती निघालेलं दहाचंसुद्धा डब्यात टाकायचो. पुण्यातल्या एका जुन्या संग्राहकांनी तो डबा टेबलावर ओतला आणि तीन नाणी ठेवून बाकी सगळी परत लोटली. ‘‘ही टाकसाळीत नाही, रस्त्यावर बिघडलीत.’’

वैष्णोदेवीच्या नाण्याचे लाख मिळतात का, असं विचारणारे वेगळेच. ते २०१२ सालचं साधं स्मारक नाणं, त्यात दोष कसला? जुन्या नाण्यांच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये सावध केलं, तरी फोन येतातच.

मागच्या पावसाळ्यात दळणाला येणाऱ्या एका आजींनी पाचाचं पिवळं नाणं पुढे केलं. ‘‘चालतंय का बघ बाबा, वाणी घेईना.’’ छाप एका अंगाला सरकलेली, दुसऱ्या अंगाला नखाएवढी कोरी चंद्रकोर. मी पाच रुपये धरले आणि नाणं गल्ल्याऐवजी शर्टाच्या खिशात टाकलं. बोललो काहीच नाही.

पुढच्या दळणाला त्या आल्या तेव्हा सांगून टाकलं, की हौशी लोक याचे पाचापेक्षा बरेच जास्त देतात.

‘‘म्हणजे चूक सरकारची, अन् भाव वर?’’ त्या हसल्या. ‘‘ठेव तुलाच. महिनाभर दळण फुकट दे.’’

दिलं. आता त्या रुमालात नाणी बांधून आणतात आणि डबा काट्यावर ठेवायच्या आधी एकेक मला फिरवून दाखवायला लावतात. आजवर सगळी सरळ निघालीत.